गार हाताचा पोरगा

बेंगळूरात यशवंतपूरच्या बाजारामागच्या गल्लीत अण्णांचं घर होतं आणि त्या घरात दिवस उजाडायचा तो छापयंत्राच्या आवाजानं. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं एक जुनं, काळंभोर यंत्र होतं. अण्णांनी पट्टीवर पाय ठेवला की आधी ते उसासा टाकी, मग थप्प करी, मग कागद सुटल्याची चर्र ऐकू येई. वर माळ्यावर माझी खोली. अंथरुणात पडल्या पडल्या ती थप्प-चर्र ऐकताना मला घरची आठवण यायची, कारण आमच्याकडेही पहाट अशीच कसल्या तरी कामाच्या आवाजानं व्हायची. यंत्र जरा थांबलं की बाजारातल्या हमालांच्या हाका, स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांना धडकल्याचा लांबत जाणारा आवाज, आणि त्या सगळ्यावरून अक्कांचा आवाज, "मगा, उठतोस की नाही? काफी निवून पाणी झाली बघ."

अण्णा म्हणजे खंडोजीराव, माझे घरमालक, आणि अक्का त्यांच्या पत्नी. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि माळा रिकामा होता, म्हणून मला जागा मिळाली. अण्णांचे पूर्वज कुठल्याशा घोडदळाबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं ते स्वतःच हसत सांगत. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड अशी मुरली होती की कुठलं कुठे संपतं ते कळत नसे. 'स्वल्प बस', 'सरी, येतो', 'ऊट झालं का?' स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, ऊट म्हणजे जेवण आणि मगा म्हणजे पोरा. मी सीमाभागातला, दोन्ही भाषा येणारा, तरी सुरुवातीला मला हसू आवरत नसे. अक्कांनी एकदा चांगलंच ऐकवलं, "हसतोस काय? तू बोलतोस ती पेपरातली मराठी. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातोय. आमची ही चुलीपाशी राहिलेली आहे." थंडीत त्यांच्या स्वयंपाकघरात अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, ढीग पडे. त्या शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून साल उडवायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अक्का त्या ढिगापुढे बसवत. त्या सोललेल्या दाण्यांचा सारू आणि नाचणीचा उंडा मी पहिल्यांदा गिळला तेव्हा अण्णा म्हणाले, "चावायचं नाही रे, पोटात सोडायचं." पुढे मला त्याची इतकी सवय झाली की गावी गेलो की आई विचारी, "तिकडं काय खायला घालतात तुला, अंगानं भरलायस."

मी संकेश्वरकडचा. आप्पा, माझे वडील, गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचे. हंगामात त्यांच्या भुवया नेहमी अर्ध्या जळलेल्या असत. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला, आणि ती घेतल्यावर तिचं करायचं काय हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. अशा वेळी मोहिते सर भेटले. ते मूळचे आमच्याच भागातले, बेंगळूरला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सासुरवाडीला आले असताना रस प्यायला गुऱ्हाळावर थांबले आणि आप्पांनी धीर करून म्हटलं, "पोरगं बीएस्सी झालंय साहेब, इलेक्ट्रॉनिक्स का काय म्हणतात त्यात." सरांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "द्या माझ्याकडं पाठवून." एवढंच. त्या एवढ्याशा बोलण्यावर माझं आयुष्य उभं राहिलं असं आप्पा सगळ्यांना सांगत, आणि मीही तसंच मानत असे. तेव्हापासून दर हंगामात आप्पा गुळाची एक ढेप पांढऱ्या फडक्यात बांधून सरांना पोचवत. कधी बसनं जाणाऱ्या कुणाबरोबर, कधी स्वतः येऊन. आमच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते उत्तम होतं.

दुकान एस. पी. रोडच्या, म्हणजे शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, एका बोळात, वरच्या मजल्यावर. जिन्यात डाग देताना जळणाऱ्या रोझिनचा आणि खालच्या बेकरीतल्या खारा बनचा असे दोन वास एकत्र येत. सरांनी मला टेबलाशी बसवलं आणि शिकवलं, खरोखर मनापासून शिकवलं. लॅपटॉप तेव्हा नुकते दिसू लागले होते, विटेसारखे जड. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच, ताप. छोट्याशा पेटीत चिप तापते, तिच्यावर धातूची पट्टी, पट्टीच्या टोकाला नखाएवढा पंखा. चिप आणि पट्टी यांच्यामधे पांढरी पेस्ट लावायची, तीही इतकी पातळ की खालचे आकडे दिसले पाहिजेत. जास्त झाली तर उष्णता अडते, कमी झाली तर पोचतच नाही. आणि ताप बघायचा बोटांच्या पाठीनं. "तळहात खोटं बोलतो," सर म्हणायचे. "त्याला कामाची सवय झालेली असते, त्याला काहीच गरम लागत नाही. लेकराचा ताप बघताना आई काय करती? बोटं उलटी करती." मी बोटं उलटी करायला शिकलो. माझ्या हातून गेलेली यंत्रं शांत चालत. सर गिऱ्हाइकासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "आमच्या भागातला आहे. गार हाताचा पोरगा." मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. ते शब्द मी रात्रीच्या जेवणापर्यंत जपून घरी आणत असे.

आता अण्णांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. अण्णा लग्नपत्रिका छापत. शहरातल्या जुन्या मराठी घरांतली बहुतेक लग्नं त्यांच्या यंत्राखालून जात, आनेकलपासून यलहंक्यापर्यंत. पत्रिकेत देवाचं चित्र आणि मुहूर्त यांवर कुणी भांडत नाही. भांडण होतं ते नावांवरून. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, थोरल्या चुलत्याच्या खाली धाकटी आत्या चालेल का, वारलेल्या आजोबांच्या नावामागे काय लावायचं. म्हणून अण्णांची रीत अशी होती की मुलीच्या घरी स्वतः जायचं, जमखान्यावर सगळी वडीलधारी बसवायची आणि नावं एकेक करून सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायची. मग घरी येऊन अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे, कच्चा छापलेला कागद घेऊन परत जायचं, आणि तोवर तिकडे कुणीतरी रुसलेलं असायचं. एका पत्रिकेला त्यांच्या चार-चार खेपा होत. गुडघे दुखू लागले तेव्हा मीच सुचवलं, लॅपटॉप घ्या. तिथल्या तिथे नाव वर-खाली करून दाखवता येईल. अण्णांनी जुना घेतला, आमच्याच दुकानातून, आणि वयाच्या साठीला येऊन दोन बोटांनी टाइप करायला शिकले. मांडीवर मात्र त्यांनी तो कधी घेतला नाही. "विद्या मांडीवर घेतेत होय रे?" म्हणायचे. पाटावर ठेवत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्या घरात प्रत्येक हत्याराची पूजा होई. छापयंत्राला हार, खिळ्यांच्या पेट्यांना गंध, उंबऱ्यावर फोडलेला कोहळा. अक्का हळदीकुंकवाचं तबक घेऊन लॅपटॉपपाशी आल्या आणि अडल्या.

"ह्याचा जीव कुठं असतोय?"

"आत आहे अक्का. चिप म्हणतात तिला."

"मग वर झाकणाला लावून काय उपयोग? उघड की."

मी म्हटलं, आत कुंकू जाऊन चालत नाही. त्या तबक घेऊन तशाच उभ्या. अण्णा तिकडून म्हणाले, "उघड रे मगा, नाहीतर आज ऊट नाही मिळायचं." मी स्क्रू काढले, पट्टी उचलली, खोबणीचा छोटा स्क्रू अर्धा फिरवला आणि चिप अलगद काढून तळहातावर उलटी धरली. खाली बारीक सोनेरी पायांच्या रांगा आणि त्यांच्या मधोमध मोकळा चौकोन. अक्का एकदम हरखल्या. "अय्यो, किती पाय हिला! सोन्याचे!" म्हणाल्या. "देवाच्या पायालाच लावतेत की कुंकू." आणि मी काही म्हणायच्या आत करंगळीच्या टोकानं त्या मधल्या चौकोनात, मोकळ्या जागी, ओल्या कुंकवाचा एक टिपका ठेवला. तिथे तो कशालाच लागत नव्हता. मी फुंकर मारून वाळवला आणि चिप परत बसवली. तिची उष्णता त्याला पुढे भाजून काढणार होती, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि मोसम सुरू झाला. नव्या पत्रिकांत लोकांना रंगीत गणपती हवा, वेलबुट्टी हवी, आणि अण्णांचा लॅपटॉप एकेक पान दाखवायला इतका वेळ घेई की बायका मधे जाऊन भात उतरवून येत. त्याच सुमारास सरांनी दुकानात नवं काम सुरू केलं होतं, जुनी चिप काढून वेगवान बसवायची. शंभर मेगाहर्ट्झच्या जागी एकशे तेहतीसची. वेग वाढला की उष्णता वाढणार, म्हणून वरचं सगळं काम माझं, पण चिप सर स्वतः पडद्याआड बसवत. "महागडी वस्तू आहे, पाय वाकले तर गेली. तू तिला हात लावायचा नाही," असा त्यांचा नियम होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जोखीम ते स्वतःवर घेतात असंच वाटे. गिऱ्हाइकाला जुनी चिप पुडीत घालून परत दिली जाई, कारण आपल्याकडे जुना भाग हातात पडल्याशिवाय नवा बसवल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. अण्णांनाही पुडी मिळाली. त्यांनी ती न उघडता देव्हाऱ्याच्या खणात टाकली. चालू केल्यावर पडद्यावर एकशे तेहतीस आकडा आला आणि पत्रिकेचं पान खरंच भरभर उघडलं. अक्कांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. लॅपटॉपवरून ओवाळायच्या होत्या की माझ्यावरून, हे मी विचारलं नाही.

पण यंत्र तापू लागलं. साधं नाही, खाली हात धरवेना. नावांचं काम रंगात आलं की पडदा थिजायचा. मी पेस्ट पुसून पुन्हा लावली. पंखा साफ केला. खालच्या झाकणाला बारीक भोकं पाडली, तांब्याची पट्टी कापून जोडली, छापखान्यातल्या लाकडी पाचरा लावून बूड उचललं. अक्कांनी त्यांचा उपाय सांगितला: स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर ठेवायचं. तो माझ्या उपायांहून जरा बरा चालला. दुकानात सरांना सांगितलं तर त्यांनी यंत्र उघडून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून 'च्यक' केलं आणि म्हणाले, "पेस्ट बघ ही. लक्ष कुठं असतं तुझं? आजकाल तुझा हात गरम झालाय." दुकानात आम्ही दोघंच होतो. मला कानशिलात बसल्यासारखं झालं. त्या आठवड्यात मी जेवताना स्वतःचे हात बघत असे. आता हसू येतं, पण खरं सांगतो, मी अक्कांना विचारलंही होतं की माणसाच्या हाताचा गुण जातो का.

मग आनेकलचं लग्न आलं. मोठं घर, जमखान्यावर वीस-पंचवीस माणसं. अण्णांनी मला मुद्दाम बरोबर नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्या पोरानंच बसवलंय, आमच्या घरचाच आहे." मी ताट पालथं घातलं तेव्हा मुलीच्या आत्यानं त्यात विडा ठेवायला उचललं आणि एकच हशा झाला. सुरुवात चांगली झाली. आजोबा, आजी, थोरले चुलते, सगळे ओळीनं बसले. मग मुलीच्या मामांची पाळी आली. अण्णांनी 'श्री' टाइप केलं आणि पडदा थिजला. बंद करून चालू केलं, थोडं थांबलो, नावं पुन्हा घातली, पुन्हा मामांपाशी आलो आणि पुन्हा तेच. मामा आधीच देण्याघेण्यावरून धुमसत होते.

"काय हो खंडोजीराव, माझंच नाव आलं की कसं बंद पडतंय? कुणी शिकवून ठेवलंय ह्याला?"

"तसं नाही मामा, गरम झालंय स्वल्प—"

"गरम मी झालोय! यंत्राला कळतंय ते ह्या घरातल्यांना कळत नाही, की तुम्हालाच घालायचं नाही?"

ते चपला घालून निघाले. मागोमाग मुलीची आई रडत आत गेली. अण्णा त्या घरात तिसऱ्या पिढीची पत्रिका करायला आले होते. परतीच्या बसमधे त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला होता, पहिल्यांदाच, आणि खिडकीतून बाहेर बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून मी आपले खिळे घेऊन जातो. तू वाईट वाटून घेऊ नको." वाईट वाटून घेऊ नको असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा बघवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी रागानं बोललेलं सहन केलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अक्का अंगणात अवरेकाई घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर पाटावर यंत्र उघडलं आणि ठरवलं, आता वरचं सगळं करून झालंय, राहिली ती चिप. कदाचित पाय नीट टेकले नसतील. सरांचा नियम मोडताना मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. अर्धा फेरा फिरवला, चिप उचलली, उलटी केली.

मधल्या चौकोनात कुंकू होतं.

भाजून तपकिरी झालेलं, पण टिपका तोच, करंगळीच्या टोकाएवढा, एका बाजूला जरासा ओघळलेला. मी चिप सुलटी केली. पेस्ट पुसली. एकशे तेहतीसचे आकडे स्वच्छ, पांढरे. स्पिरिटचा बोळा जोरानं फिरवला तेव्हा आकडे बोळ्यावर आले आणि खाली घासलेला, खरखरीत पृष्ठभाग दिसला. देव्हाऱ्याच्या खणातली पुडी आणून उघडली. तिच्यातली चिप दुसऱ्याच कुठल्या मेलेल्या यंत्राची होती, पाय वाकडे, मधला चौकोन कोरा. जुनीच चिप घासून, वर नवा आकडा छापून, शेजारची वेग ठरवणारी बारीक बटणं सरकवून तिला तिच्या ताकदीबाहेर पळवलं होतं. ती तापत होती कारण ती धापा टाकत होती. माझा हात गरम झाला नव्हता.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं. त्यांच्या बोटांत एक दाणा तसाच राहिला होता.

"तुमचं कुंकू आहे अक्का अजून."

"असणारच," त्या म्हणाल्या आणि साल उडवली.

सोमवारी दुपारी सर खारा बन चहात बुडवून खात होते. मी चिप त्यांच्यापुढे उलटी ठेवली. ते बघत राहिले.

"हे काय, कुंकू?"

"अक्कांनी लावलंय. दसऱ्याला. जुन्या चिपेला."

मला वाटलं होतं ते रागावतील किंवा खोटं बोलतील. मी दोन्हींची तयारी करून गेलो होतो. ते हसले. "देवभोळ्या घरात ठेवलं मी तुला, माझंच चुकलं. बस, चहा घे."

"सर, तुम्ही म्हणालात माझा हात गरम झालाय."

"मग काय म्हणायचं होतं?"

"दुकानात कुणी नव्हतं सर. आपण दोघंच होतो."

त्यांनी बनचा उरलेला तुकडा बशीत ठेवला. मग मोठ्या भावानं समजावावं तसं म्हणाले, "सदा, हा धंदा सगळा रोड करतोय. दुसऱ्यांची मशिनं आठवड्यात परत येतात. आपली येत नाहीत. का येत नाहीत? तू आहेस म्हणून. तू जीव लावून गार ठेवतोस. तुझ्यासारखा पोरगा मिळाला नसता तर मी ह्यात हात घातलाच नसता."

मी म्हटलं, अण्णांचं यंत्र तरी सोडायचं होतं. ते तर माझं घर होतं.

"ते तर सगळ्यात पक्कं," सर म्हणाले. "चोवीस तास तुझ्या हाताखाली." आणि मी दाराकडे वळलो तसं मागून, अगदी मायेनं, "आप्पांना काय सांगशील, विचार कर बाबा. म्हातारं माणूस आहे."

आज इतकी वर्षं झाली. मला फसवणारी माणसं पुढेही भेटली, काहींनी याहून मोठं फसवलं. पण ती माझ्या भोळेपणाला किंवा घाईला धरून फसवून गेली. सरांनी माझ्या चांगल्या कामाला धरलं होतं. मी जितकं मन लावून काम केलं तितकं त्यांचं खोटं जास्त दिवस टिकलं. त्या जिन्यातून उतरताना मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर तो माझ्या सफाईचा. मी आळशी असतो तर लोक कधीच परत आले असते, आणि वाचले असते.

अण्णांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते पेटीतले खिळे लावत होते. हात न थांबवता ऐकलं. "सरी," म्हणाले. मग हातातला खिळा बसवून, "आता काय करायचं त्याचं?"

"मूळच्या वेगावर आणून ठेवतो. हळू चालेल, पण बंद पडणार नाही."

"चालू दे हळू. लग्नं कुठं पळून जातेत?" आणि दुसऱ्या दिवशी ते एकटेच आनेकलला गेले. मामांपुढे बसून त्यांचं नाव पहिल्या ओळीत हातानं जुळवून दाखवून आले. मी दुकान सोडलं. ज्या गिऱ्हाइकांचे नंबर आठवत होते त्यांना पोस्टाजवळच्या बूथवरून फोन केले. काहींनी आभार मानले, एकानं मलाच चोर म्हटलं, आणि बरेच जण म्हणाले, चालतंय ना, मग राहू दे. पुढे मारतहळ्ळीकडच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. तिथे मी टिकलो. आप्पांनी आपल्या मनानंच समजून घेतलं की सरांनीच पोराला मोठ्या ठिकाणी लावून दिलं. मी तो समज मोडला नाही. एका मोठ्या माणसानं आपल्या शब्दाला मान दिला, हे आप्पांच्या जवळचं सगळं धन होतं. ते मी कसं काढून घेणार होतो?

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका अर्थातच अण्णांकडे. आप्पा पहाटेच्या बसनं आले, पांढरं पागोटं, नवं धोतर. पुढच्या खोलीत जमखाना घातला, पाटावर तोच लॅपटॉप. पान सावकाश उघडत होतं आणि कुणाला घाई नव्हती. अक्कांनी शेंगांचं सूप आप्पांपुढे सरकवलं होतं आणि आप्पा चुलवाणासमोर बसावं तसे ताठ बसून शेंगा सोलत होते. कुलदैवत झालं, वाडवडील झाले, चुलते झाले. मग अण्णांनी विचारलं, "स्नेही म्हणून कुणाचं घालायचं?"

"पहिलं मोहिते सायबांचं," आप्पा म्हणाले. "ज्यानं पोराला पोटाला लावलं त्याचं नाव आधी."

अण्णांची दोन बोटं कीबोर्डवर थांबली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "स्वल्प थांबू या पावणे," ते म्हणाले, "गरम झालंय यंत्र."

मी सवयीनं बोटं उलटी करून खाली धरली. यंत्र थंडगार होतं. उभ्या आयुष्यात अण्णा एकदाच खोटं बोलले असतील तर ते तेव्हा, आणि ते मला वेळ मिळावा म्हणून. मग मी आप्पांना सांगितलं. सगळं, आकड्यांपासून कुंकवापर्यंत, त्यांना कळेल अशा शब्दांत. सांगताना मी त्यांच्या हातातल्या शेंगेकडे बघत होतो.

बाजूला ठेवलेल्या आपल्या पिशवीकडे आप्पांची नजर गेली. ती सपाट, रिकामी होती.

"सकाळी उतरल्याबरोबर त्यांच्याकडंच गेलो हुतो," ते म्हणाले. "ढेप द्यायला."

"घेतली त्यांनी?"

"घेतली की. ह्या वर्षी रंग चांगला उतरलाय म्हणाले." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "दरसाल घेत्यात. आणि दरसाल म्हणत्यात, आप्पा, पोरगं तुमचं लाखात एक. हात गार आहे त्याचा."

अण्णांनी पुढच्या माणसाचं नाव विचारलं.